गाडी घेऊन पस्तावलात? विकायच्या आधी बिघाड पकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दीड वर्षापूर्वी सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली, बजेटच्या जरा बाहेर जाऊन, लोन काढून. पहिले काही महिने छान चालली. मग गरम झाल्यावर चालता चालता बंद पडायला लागली, अर्धा तास उभी ठेवली की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग प्लग, मग फ्युएल पंप. स्कॅनर लावला की म्हणतो काहीच दाखवत नाही. घरचे आता त्या गाडीत बसायला तयार नाहीत, विषय काढला की वाद होतो, आणि सारखं वाटत राहतं की ही गाडी घेतलीच कशाला. विकू का ठेवू?

मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकल आणि इंजिन मॅनेजमेंटच्या बिघाडांचं निदान करतो, बरीच वर्षं हेच काम आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक अशाच असतात, दोन-तीन ठिकाणी फिरून आलेल्या, निम्मे पार्ट नवे आणि बिघाड जिथल्या तिथे. तर आधी हेच सांगतो की विकू का ठेवू हे आत्ता ठरवायचंच नाही. कारण आत्ता तुमच्याकडे आहे ती कारण न कळलेली बंद पडणारी गाडी, आणि अशा गाडीला घेणारा माणूस सगळ्यात वाईट शक्यता धरून भाव देतो, त्यात त्याचं काही चुकतही नाही. उद्या निघालं की एका छोट्या सेन्सरचं काम होतं, तर तुम्ही तेवढ्यासाठी गाडी पडत्या भावात घालवलेली असेल. आणि निघालं की इंजिनच गेलंय, तर ते कळून विकणं वेगळं आणि चिडून विकणं वेगळं.

आता एक गोष्ट जी तुमच्या प्रश्नात नाहीये आणि गॅरेजवाल्यानेही बहुतेक विचारली नसावी. बंद पडल्यावर चावी फिरवली की नेमकं काय होतं? सेल्फ नेहमीसारखा फिरतो पण इंजिन पकडत नाही, का सेल्फच फिरत नाही, नुसतं टिक होऊन गप्प बसतं? लोक दोन्हीला स्टार्ट होत नाही असंच म्हणतात आणि मेकॅनिकही तेवढंच ऐकून कामाला लागतो, पण ह्या दोन पूर्ण वेगळ्या वाटा आहेत आणि इथेच चुकलं की पुढचं सगळं चोर सोडून संन्याशाला सुळी.

सेल्फच फिरत नसेल तर करंटचा प्रॉब्लेम आहे आणि तो साध्या मल्टिमीटरने सापडतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, १२.४ म्हणजे तीन चतुर्थांश भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसतात, त्याऐवजी बाराच्या घरात राहून हळूहळू उतरत असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, चार्ज करत नाहीये आणि गाडी बॅटरी संपेपर्यंत चालून मग बंद पडणार, तिथे नवी बॅटरी टाकून फक्त थोडे दिवस विकत मिळतात. (नव्या गाड्यांत मायलेजसाठी कॉम्प्युटर स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे एकदा आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका, लाइट आणि ब्लोअर चालू करून परत बघा.) आणि एक टेस्ट जी फार कमी जण करतात: मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, दुसरं थेट इंजिनच्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थची पट्टी, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला आणि इंजिनला जोडणारी वायर, आतून सडलेली आहे. बाहेरून ती पट्टी एकदम धडधाकट दिसते, म्हणून नुसतं बघून कोणाला कळत नाही.

पण तुमच्या वर्णनावरून, म्हणजे चालती गाडी गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, मला वाटतं तुमचा सेल्फ फिरत असणार आणि इंजिन पकडत नसणार. तसं असेल तर संशयित फार नाहीत. पहिला क्रँक सेन्सर. हा इंजिनच्या फिरणाऱ्या दांड्याजवळ बसतो आणि पिस्टन आत्ता कुठे आहे ते कॉम्प्युटरला सांगतो, त्याच्या सिग्नलशिवाय कॉम्प्युटरला स्पार्क कधी द्यायचा, पेट्रोल कधी सोडायचं काही कळत नाही, म्हणून तो दोन्ही बंद करतो आणि इंजिन एकदम विझतं, आचके न देता, चावी काढल्यासारखं. सेन्सर जुना झाला की गरम असताना आतली बारीक तार प्रसरण पावून तुटते, थंड झाली की परत जुळते. दुसरा फ्युएल पंप, तो झिजला की जास्त करंट खातो, गरम होतो आणि अडकतो. हा पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि ते पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, त्यामुळे टाकी कायम रिझर्व्हला ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. तिसरा रिले, म्हणजे त्या पंपाला किंवा कॉम्प्युटरला करंट देणारा स्विच, आतल्या सोल्डरला बारीक चीर गेलेली असते आणि ती उष्णतेने उघडते. बाकी इग्निशन कॉइल वगैरे असतात पण कॉइल गेली तर बहुतेक वेळा एकच सिलिंडर मरतो, गाडी झटके मारते, अशी गपकन बंद पडत नाही.

तुमचा पंप नवा आहे म्हणून त्याला पूर्ण सोडून द्यायचं कारण नाही. पंप बदलला पण रिले जुनाच राहिला, असं मी इतक्या वेळा बघितलंय की विचारू नका.

आणि स्कॅनर काही दाखवत नाही ह्याचा अर्थ बिघाड नाही असा होत नाही. क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला तर कॉम्प्युटरच्या दृष्टीने इंजिन फिरायचं थांबलं, बस. बऱ्याच गाड्यांत त्याला हा बिघाड आहे का ड्रायव्हरने गाडी बंद केली हे वेगळं ओळखताच येत नाही. काही गाड्या कॅम सेन्सरशी (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याजवळचा सेन्सर) ताडून बघतात आणि मग पी-०३३५ सारखा बिघाडाचा कोड येतो, पण सगळ्या नाही. शिवाय बरेच कोड पहिल्या वेळी नुसते पेंडिंग म्हणून नोंदले जातात, लगेच पुढच्या फेरीतही तेच घडलं तरच चेक लाइट लागतो, आणि साधा स्कॅनर वापरणारा माणूस पेंडिंगचं पान उघडतच नाही. त्यात तुमची बॅटरी बदलली, म्हणजे कनेक्शन काढलं, म्हणजे अनेक गाड्यांत जे काही जमा झालं होतं तेही पुसलं गेलं! ताप उतरल्यावर डॉक्टरकडे जावं तसं चाललंय हे, गाडी गॅरेजला पोचते तेव्हा ती बरी झालेली असते.

म्हणून पुरावा तुम्हालाच गोळा करायचाय, गाडी बंद असतानाच्या त्या अर्ध्या तासात. बाजूला सुरक्षित जागी उभं राहिल्यावर हे बघा. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, खिडक्या बंद करून मागच्या सीटकडे कान द्या, पंपाचा एक-दोन सेकंद गुणगुण आवाज येतो का. नेहमी येतो तसा आज आला का नाही एवढंच. मग सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा, बऱ्याच गाड्यांत तो सेल्फ फिरत असताना थोडासा उचलतो. उचललाच नाही तर क्रँक सेन्सरवरचा संशय पक्का होत जातो. काट्यापेक्षा चांगलं म्हणजे फोनला ब्लूटूथने जोडायचा छोटा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा) मिळतो तो घेऊन ठेवा, स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटमध्ये बसतो, अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून हे सॉकेट सक्तीचं आहे आणि आता बाकी ठिकाणीही बहुतेक गाड्यांत असतंच. त्यावर लाइव्ह आरपीएम लावा. सेल्फ फिरतोय तर दीडशे ते तीनशेच्या मध्ये काहीतरी आकडा यायला हवा, शून्य दिसलं तर कॉम्प्युटर आंधळा झालाय. स्क्रीनचा व्हिडिओ काढा. तो एक व्हिडिओ तुमच्या आतापर्यंतच्या सगळ्या बिलांपेक्षा उपयोगाचा आहे.

सोबत लिहून ठेवा की किती वेळ चालवली होती, ट्रॅफिक होता का, एसी चालू होता का, टाकी किती भरलेली होती, टेम्परेचर काटा कुठे होता, बंद पडायच्या आधी आचके आले का एकदम विझली, किती वेळाने सुरू झाली. आठवणीवर अवलंबून राहू नका, चिडलेल्या माणसाची आठवण फार बेभरवशाची असते, प्रत्येकजण मला सांगतो की रोज बंद पडते आणि वही लिहायला लावली की निघतं आठवड्यातून एकदा, ते पण टाकी पावच्या खाली असताना. मग काम अर्धं होतं.

एक जुनी युक्ती आहे. गॅरेजमध्ये गाडी गरम करून बंद पडली की फक्त त्या संशयित सेन्सरवर थंड करणारा स्प्रे मारायचा, लगेच सुरू झाली तर चोर सापडला. किंवा उलट, थंड गाडीत सेन्सरला हेअर ड्रायरने तापवायचं आणि बंद पडते का बघायचं. हे मेकॅनिककडूनच करून घ्या, आणि तापलेल्या इंजिनवर बादलीने पाणी मात्र कोणी ओतू देऊ नका, धातूला तडा जाऊ शकतो. घरच्या घरी वायर ओढून स्पार्क येतो का बघायलाही जाऊ नका, तिथे हजारो व्होल्ट असतात आणि तुमच्या बरोबर कॉम्प्युटरही जाऊ शकतो.

आता गॅरेजबद्दल. आपल्या लोकांना पार्टचे पैसे द्यायला काही वाटत नाही पण नुसतं बघायचे पैसे द्यायचे म्हटलं की जिवावर येतं. त्यामुळे गॅरेजवाल्याला निदानाचे पैसे मिळत नाहीत, पार्टवर मिळतात, मग तो पार्ट बदलत सुटतो आणि त्यात नेहमी त्याची लबाडी असते असंही नाही, त्याला दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. म्हणून जाऊन स्पष्ट बोला: निदानाचे तासावर पैसे देतो, पण बदलायच्या आधी मला सांगायचं की कशावरून हा पार्ट, काय मोजलं आणि किती आलं. "अनुभवावरून सांगतो" हे उत्तर असेल तर दुसरीकडे जा. मलाही अनुभव आहे, तरी मी मोजल्याशिवाय पार्टला हात लावत नाही. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. आणि क्रँक सेन्सरसारख्या गोष्टीत स्वस्तातला डुप्लिकेट टाकू नका, नवा सेन्सरच खराब निघाला तर तुम्ही आणि मेकॅनिक दोघंही म्हणणार की सेन्सर तर बदललाय, म्हणजे तो नसणार, आणि मग पुढचे सहा महिने भलतीकडे शोध चालतो.

दुरुस्ती झाली हे कधी मानायचं? गॅरेजवाला एक चक्कर मारून आणतो आणि म्हणतो ओके आहे, त्याला काही अर्थ नाही. माझा हिशोब असा आहे की बिघाड सरासरी जितक्या दिवसांनी येत होता त्याच्या तिप्पट दिवस तशाच परिस्थितीत चालवून आला नाही तर विश्वास ठेवायचा. हे हवेतलं नाही, अवेळी येणाऱ्या बिघाडाचं गणितच असं आहे की तो खरंतर सुटलेला नसताना नुसत्या नशिबाने तिप्पट काळ गप्प बसण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास उरते. दहा दिवसांनी एकदा बंद पडायची तर तीस दिवस बघा, आणि ते तीस दिवस त्याच गर्दीत, त्याच उन्हात, एसी लावून. तोपर्यंत घरच्यांना बसायचा आग्रह करू नका. एकटे चालवा, आणि मग दाखवा वही.

तोपर्यंत चालवायची कशी, हे महत्त्वाचं आहे कारण चालती गाडी बंद पडणं हे नुसतं गैरसोयीचं नाही. इंजिन विझलं की बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग एकदम जड होतं, लॉक होत नाही, फक्त जोर लावावा लागतो, दोन्ही हातांनी धरा. ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरता व्हॅक्युम शिल्लक असतो, त्यामुळे ब्रेक सारखा सारखा पंप करायचा नाही, एकदाच घट्ट दाबून धरायचा. चावी पूर्ण बंद करून काढायची नाही, कारण मग खरोखर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. पार्किंग लाइट, म्हणजे चारही इंडिकेटर, लावा, न्यूट्रलमध्ये टाकून चालत्या गाडीतच एकदा सेल्फ मारून बघा, नाही झाली तर कडेला घ्या. हे रिकाम्या मैदानात एकदा मुद्दाम करून बघा, म्हणजे प्रत्यक्ष वेळी हात थरथरणार नाहीत. जिथे कडेला घ्यायला जागाच नसते असे पूल, बोगदे, एक्सप्रेसवे सध्या टाळा, आणि लहान मुलांना घेऊन तर अजिबात नको.

काही बिघाड घेऊन चालवायचंच नाही. ब्रेक पेडल मऊ लागतंय, स्टिअरिंगमध्ये प्ले आहे, पेट्रोलचा वास येतोय, लाल रंगाचा ऑइलचा दिवा लागला, टेम्परेचर वर गेलं, तर तिथेच थांबा, घर एवढं जवळ आहे पोचतो कसातरी असं नाही. ऑइलचं प्रेशर नसताना काही मिनिटांत बेअरिंग जातात. हीट झालेली गाडी तशीच चालवली तर इंजिनच्या वरचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, त्याच्याखालचं गॅस्केट उडतं, आणि पाण्याचा होज बदलून भागलं असतं तिथे इंजिन उघडायची वेळ येते. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आत साधारण एक बार जादा दाब असतो त्यामुळे पाणी शंभरला न उकळता एकशेवीसच्या आसपासपर्यंत तग धरतं, झाकण उघडलं की दाब गेला आणि ते सगळं एका क्षणात वाफ होऊन अंगावर. चेक लाइट नुसता लागला असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा, पण तो लुकलुकत असेल तर सिलिंडर मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो आतून वितळू शकतो, आणि तो पार्ट स्वस्त नसतो, तिथे ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि थांबा. बाकी एसी कमी थंड होतो, सेंट्रल लॉक रुसतं, खिडकी अडकते, ह्याच्यासोबत माणूस राहू शकतो.

हे झालं बिघाडाचं. पस्तावा मात्र नेहमी बिघाडाचाच असतो असं नाही, आणि हे मला जरा जास्त बोलायचंय, कारण लोक दोन गोष्टी एकत्र करतात. काही गाड्यांत बिघाड नसतो, तुमच्या वापराशी तिचं जमत नसतं. सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरवाली गाडी रोज चार-पाच किलोमीटरसाठी वापरणं. तो फिल्टर काजळी पकडतो आणि मग सहाशे अंशांच्या आसपास तापवून ती जाळून टाकतो, ह्याला सलग पंधरा-वीस मिनिटं जरा वेगात गाडी चालणं लागतं. तुम्ही दर वेळी मध्येच गाडी बंद करता, ते जळणं अर्धवट राहतं, त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची लेव्हल वाढते आणि ऑइल पातळ होतं, मग फिल्टर चोक, पिकअप गेला, दिवा लागला. गॅरेजमध्ये साफ करून आणा, काही महिन्यांनी परत तेच. ती गाडी वाईट नाही. रोज शंभर किलोमीटर हायवे करणाऱ्या माणसाकडे तीच गाडी वर्षानुवर्षं तक्रार करणार नाही.

तसंच ड्राय क्लच (ऑइलमध्ये न बुडलेला) असलेल्या डबल क्लच ऑटोमॅटिकचं, मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये क्लच अर्धवट धरलेला राहतो, तापतो, गाडी थरथरते, वॉर्निंग येते. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साचत जातो, आणि टाकीत कितीही महागडं क्लीनर ओतलं तरी ते तिथपर्यंत पोचतच नाही. ह्या सगळ्यात दुरुस्तीने आराम पडतो, पण मूळ कारण जात नाही. तुमची गाडी अशा प्रकारात मोडत असेल आणि तुमचा वापर बदलणार नसेल तर मी सरळ सांगेन की विका, नीट चालू अवस्थेत असताना विका. तुमच्या वर्णनात मात्र असं काही दिसत नाही, तुमचा प्रकार सुटणारा वाटतो.

आता पैशाचं, म्हणजे ज्याच्यामुळे झोप उडालीय ते. आतापर्यंत बॅटरी, प्लग, पंप ह्यावर गेलेले पैसे ठेवायच्या बाजूने मोजायचे नाहीत आणि विकायच्या बाजूनेही नाहीत, ते दोन्हीकडे गेलेलेच आहेत. सांगायला सोपं, पाळायला अवघड. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर ह्या संशोधकांनी १९८५ मध्ये ह्यावर जे काम प्रसिद्ध केलं त्यात नाटकाच्या सीझन पासचा एक प्रयोग होता, काहींना पूर्ण किमतीला पास दिला, काहींना कोणतंही कारण नसताना सवलतीत. सीझनच्या पहिल्या भागात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. नाटक तेच, खुर्ची तीच, पण पैसे गेले म्हणून जायचं. गाडीतही हेच होतं, एवढा खर्च केलाय आता विकायची कशी, आणि त्याच्या बरोबर उलटही होतं, एवढा खर्च करून बंद पडते म्हणजे आता फेकूनच देतो. दोन्हीत गाडी आत्ता कशी आहे हे कोणी बघतच नाही.

निम्म्या किमतीपेक्षा जास्त खर्च आला तर गाडी काढून टाका, असा एक नियम लोक सांगतात. मला तो पटत नाही. गाडीच्या किमतीशी तुलना करून काय करायचं, तुम्हाला तुलना करायचीय ती पुढच्या एका वर्षाची. एका बाजूला ही गाडी ठेवली तर: निदान, दुरुस्ती, आणि तिच्या वयाप्रमाणे येणारी ठरलेली कामं, टायमिंग बेल्ट असेल तर त्याची मुदत, टायर, ब्रेक ऑइल (ते हवेतलं पाणी शोषतं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं), गिअर ऑइल. दुसऱ्या बाजूला बदलली तर: विकताना होणारा तोटा, नवीन गाडीचे कागद आणि इन्शुरन्स, जादा हप्ता, आणि त्या गाडीचं पहिलं सर्व्हिसिंग आणि लपलेली कामं, जी सेकंडहँड असेल तर शंभर टक्के निघतात. हे सगळं वर्षाच्या शेवटी हातात काय किमतीची गाडी उरते त्याच्यासकट लिहा. बहुतेक वेळा एक मध्यम दुरुस्ती करून ठेवणं स्वस्त पडतं. गंज, वाकलेलं चॅसी, पुरात बुडालेली गाडी, एकापाठोपाठ एक कॉम्प्युटर मॉड्यूल जाणं, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही संपलेलं, ह्यात मात्र हिशोबही करत बसू नका.

आणि दुसरी गाडी कशी निघेल हे तुम्हाला माहीत नाही, ह्या गाडीबद्दल मात्र दीड वर्षात बरंच माहीत झालंय. जॉर्ज अकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच लिहिलं होतं, की विकणाऱ्याला गाडीची अवस्था माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सरासरी धरून भाव देतो, मग चांगली गाडी असलेला माणूस त्या भावात विकायलाच तयार होत नाही आणि बाजारात खराब माल वाढत जातो. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये तो एक होता. सगळ्या जुन्या गाड्या खराब असतात असं नाही, पण चिडून एक काढून घाईने दुसरी घेणारा माणूस आगीतून फुफाट्यात पडतो तो इथेच.

लोनचं एक. गाडीच्या आत्ताच्या किमतीपेक्षा लोन जास्त शिल्लक असेल तर ती उरलेली रक्कम नव्या गाडीच्या लोनमध्ये घालून देतो म्हणणारे भेटतील. त्याला हो म्हणू नका, मग तुम्ही दोन गाड्यांचे हप्ते भरता आणि चालवता एकच. अशा स्थितीत दुरुस्त करून, मुद्दल थोडं खाली येईपर्यंत ती गाडी वापरणं हाच बरा रस्ता, कंटाळा आला तरी.

तर तुमच्या बाबतीत मी असं करेन: पुढच्या तीन-चार वेळा बंद पडण्याची नोंद आणि आरपीएमचा व्हिडिओ, मग निदानाचे पैसे घेणाऱ्या माणसाकडे क्रँक सेन्सर आणि पंपाचा रिले मोजून घेणं, दोन्ही ठीक असतील तर गाडी गरम असताना फ्युएल प्रेशर गेज लावून मोजणं. ह्याच्यात सुटली तर तिप्पट दिवसांची चाचणी. नाही सुटली, म्हणजे दोन वेगवेगळ्या जाणत्या लोकांनी मोजूनही कारण लागलं नाही, तर विका, बिघाड लेखी सांगून विका. भाव कमी येईल. पण न सांगता विकली तर ती कोणाची तरी बायकामुलं घेऊन पुलावर बंद पडेल, आणि कायद्याचं लचांड मागे लागू शकतं ते वेगळंच.

आणि पुढची गाडी बघायला जाल तेव्हा तो ब्लूटूथ अडॅप्टर खिशात घेऊन जा. मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सकाळपासून सुरू करू नको, बॉनेटला हात लावून बघा, कोमट लागलं तर काहीतरी लपवायला आधी गरम करून ठेवलीय असं समजा. मग अडॅप्टर लावून कोड आहेत का ते बघाच, पण त्यापेक्षा जास्त लक्ष दोन गोष्टींकडे द्या: रेडिनेस मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटरने स्वतः करायच्या तपासण्या, पूर्ण झालेत का, आणि कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. एकही कोड नाही, मॉनिटर सगळे अपूर्ण, आणि पुसल्यापासून सहा किलोमीटर, असं दिसलं तर त्या माणसाने काल संध्याकाळी चेक लाइट विझवलाय. नमस्कार करा आणि निघा.